नांदूर मध्यमेश्वरच्या काठाने सायकल: गर्दी नसलेले रस्ते कुठले?

कडेकडेने | ४ डिसेंबर, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. गेली चार वर्षं दर रविवारी नाशिकहून सायकल काढतो. गंगापूर धरण, त्र्यंबक रस्ता, कधी घोटीकडे. हे रस्ते आता सुट्टीच्या सकाळी गाड्यांनी भरलेले असतात. एकटा असतो तेव्हा चालवून घेतो, पण या हिवाळ्यात मुलीला बरोबर न्यायचंय. ती तेरा वर्षांची आहे. पंचवीस-तीस किलोमीटर सहज मारते. मात्र मागून ट्रकचा मोठा हॉर्न वाजला की दचकून हँडल आवळते आणि सायकल डांबराखाली उतरवते. मागच्या महिन्यात असंच झालं. खडीत चाक गेलं आणि गुडघा फुटला. तेव्हापासून ती स्वतःहून "बाबा, चल" म्हणत नाही.

दुसरीकडे तिला पक्ष्यांचं वेड लागलंय. शाळेच्या सहलीत निफाडजवळचं नांदूर मध्यमेश्वर पक्षी अभयारण्य बघून आली आणि वहीत बावीस पक्ष्यांची नावं लिहून ठेवली. म्हणून विचार आला की तिथल्याच आसपासच्या गावरस्त्यांवर तिला न्यावं. जमीन सपाट आहे, पाणी आहे, शेतं आहेत. नकाशात बारीक रस्त्यांचं जाळं दिसतं, पण नकाशावरून रस्त्याचा स्वभाव कळत नाही.

तिकडे नेहमी जाणाऱ्यांनी सांगा: सायकल कुठून सुरू करावी? नाशिकपासूनच चालवत जाण्यात अर्थ आहे का? पाटाच्या कडेचा रस्ता चालतो का? बिबट्याच्या बातम्या दर आठवड्याला वाचतो, त्याचं काय? आणि तिचा स्वतःचा प्रश्न: "आपल्या सायकलींमुळे पक्षी उडून जाणार नाहीत ना?"

---

थडीकर | ४ डिसेंबर, रात्री १०:२५

दादा, मी निफाड तालुक्यातलाच. लहानपणापासून याच रस्त्यांवर सायकल मारतोय. आधी शाळेसाठी, आता सवय म्हणून.

पहिलं म्हणजे नाशिकपासून चालवत येऊ नका. चांदोरीवरून निफाडला येणारा मोठा रस्ता कायम वाहता असतो, आणि डिसेंबरात ऊसतोड चालू असल्यामुळे दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर असतात. ट्रॅक्टर स्वतः हळू जातो, पण त्याला ओलांडायला निघालेली गाडी समोरून तुमच्या अंगावर येते. मुलीबरोबर हा रस्ता अजिबात नको. गाडीवर सायकली बांधा आणि निफाडला किंवा सायखेड्याला उतरवा.

दुसरं, अभयारण्यात दोन बाजूंनी शिरता येतं. निफाडकडून खानगाव थडी आणि सायखेड्याकडून चापडगाव. लोक नकाशा बघून म्हणतात, एका सकाळीच दोन्ही करू. नका करू. दोन्हीच्या नादात निम्मा वेळ वर्दळीच्या रस्त्यावर जातो आणि पक्षी बघायच्या वेळी ऊन डोक्यावर आलेलं असतं. एका सकाळी एकच बाजू.

पहिल्या खेपेला निफाड ते खानगाव थडी करा. जायला साधारण बारा किलोमीटर, यायला तेवढेच. चढ नावाला नाही. गावातून बाहेर पडलं की दोन्ही बाजूंना द्राक्षबागा, ऊस, कांदा. वस्तीवरची माणसं, दुधाच्या मोटरसायकली आणि शाळेची पोरं एवढीच रहदारी. सकाळी साडेसात ते नऊ या वेळेत तर कधीकधी दहा-दहा मिनिटं मागून काहीही येत नाही.

आमच्याकडे 'थडी' म्हणजे नदीचा काठ. 'या थडीचं, त्या थडीचं' असं म्हातारी माणसं अजून म्हणतात. खानगावच्या नावातच काठ आहे, तो चुकायचा नाही.

---

पाणपक्षी | ५ डिसेंबर, सकाळी ६:५०

मुलीच्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण तो सगळ्यात महत्त्वाचा आहे आणि मोठी माणसं तो विचारत नाहीत.

सायकल एका चालीने रस्त्यावरून जात असली तर पाण्यातले पक्षी तिच्याकडे फारसं लक्ष देत नाहीत. रोज दूधवाला जातो, शेतकरी जातो, त्यांना ते सवयीचं असतं. पक्षी बिथरतात ते आपण थांबतो तेव्हा. ब्रेक कचकन वाजतो, स्टँड खाली आदळतो, दोन माणसं उतरून मोठ्याने बोलत हात वर करून दाखवतात आणि सरळ पाण्याच्या दिशेने चालू लागतात. ती सरळ चाल पक्ष्याला शिकाऱ्याची वाटते. म्हणून पाण्याच्या बरंच अलीकडे उतरा, सायकल झाडाला टेकवा, मग तिरके चालत हळूहळू जवळ जा. बदकांनी माना उंच केल्या की तिथेच थांबा. 'आता उडू का' असं ती विचारत असतात. दोन मिनिटं हललं नाहीत तर माना पुन्हा खाली जातात. मुलीला हे एकदा दिसलं की तिला पुन्हा सांगावं लागणार नाही.

कपडे मातकट, करडे किंवा हिरवट. सायकलवाल्यांच्या भडक पिवळ्या जर्सीची रस्त्यावर गरज असते, ती घालाच. काठावर जाताना वरून साधा शर्ट चढवा.

आता जागेबद्दल. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमावर इंग्रजांच्या काळात, १९०७ ते १९१३ दरम्यान, हा बंधारा बांधला. हेतू पक्षी नव्हता, पाटपाणी होता. गोदावरीचे डावा आणि उजवा कालवे इथूनच निघतात आणि पार कोपरगाव-राहात्यापर्यंत पाणी नेतात. पण दोन नद्यांनी आणलेला गाळ बंधाऱ्यामागे साठत गेला. पाणी उथळ झालं, मधेमधे बेटं तयार झाली, पाणवनस्पती वाढल्या. धरणाच्या हिशेबाने गाळ म्हणजे तोटा, कारण साठा कमी होतो. पक्ष्यांच्या हिशेबाने तोच गाळ म्हणजे भरलेलं ताट. खोल धरणावर बदकांना तळ गाठता येत नाही, इथे शेकाट्या गुडघाभर पाण्यात उभा राहून खातो. १९८६ मध्ये अभयारण्य जाहीर झालं. रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत, आलेली महाराष्ट्रातली ही पहिली पाणथळ जागा. ती बातमी जानेवारी २०२० मध्ये आली तो दिवस मला अजून आठवतो. आम्ही चौघं काठावरच होतो.

डिसेंबरात तिला काय दिसेल: थापट्या, तलवार बदक, हळदीकुंकू, वारकरी, जांभळी पाणकोंबडी, चमचा, चित्रबलाक, उघड्या चोचीचा करकोचा. रोहित (फ्लेमिंगो) पाहायचे असतील तर घाई नको. पाणी ओसरून चिखल उघडा पडतो तेव्हा त्यांची शक्यता वाढते. पाणी तुडुंब असेल तर चिखलातले पक्षी पांगलेले असतात, मग कोणाकडेही तक्रार करून उपयोग नाही.

---

सराटा | ५ डिसेंबर, सकाळी ११:१०

सायकलचे टायर किती रुंदीचे आहेत? हे आधी सांगा.

---

कडेकडेने | ५ डिसेंबर, दुपारी १:०५

@थडीकर, @पाणपक्षी, मनापासून आभार. 'माना उंच केल्या की थांबा' हे वाक्य मुलीने वहीत उतरवून घेतलं.

@सराटा, माझी रोड बाईक आहे, २५ मिमी. मुलीची हायब्रिड, ३५ मिमी.

---

सराटा | ५ डिसेंबर, दुपारी १:३०

मुलीची चालेल. तुमची तुमच्या जिवाला ताप देईल. डांबर बरं आहे, पण वस्तीजवळ कडा तुटलेल्या आहेत आणि ट्रॅक्टरने आणलेली माती वाळून तिच्या पट्ट्या झाल्यात. २५ मिमीवर कडक हवा भरून ते सगळं मनगटात येतं. ३२ च्या खाली येऊ नका. ३५ असेल तर हवा पन्नास पीएसआयच्या आसपास ठेवा, वजनाप्रमाणे थोडी कमी-जास्त.

खरा शत्रू मात्र खड्डा नाही, सराटे. मी नाव उगाच घेतलेलं नाही. पावसाळ्यानंतर रस्त्याच्या कडेला सराट्याचा वेल वाळतो आणि काटे धुळीत मिसळतात. दिसत नाहीत. समोरून गाडी आली म्हणून तुम्ही कडेला दोन फूट उतरता आणि दोन्ही चाकांत पाच-पाच काटे घेऊन वर येता. त्यातला एखादा लगेच हवा सोडतो. बाकीचे टायरमध्ये तसेच बसून राहतात आणि तुम्ही नवी ट्यूब टाकली की तिला भोसकतात. म्हणून ट्यूब बदलताना टायरच्या आतून बोट फिरवायचंच, सावकाश, पूर्ण गोल. मी एकदा घाईत ते टाळलं आणि एकाच जागी तीन पंक्चर काढली. तिसऱ्या वेळी सोल्यूशन संपलं. नऊ किलोमीटर सायकल हातात धरून चाललो.

बाभळीच्या फांद्या कुंपणासाठी तोडून रस्त्याकडेला ओढत नेतात, त्याचेही काटे असतात. ते लांब असतात, निदान दिसतात तरी.

दोन सायकलींना मिळून चार ट्यूब, पंप आणि एक चिमटा. सायकल ट्यूबलेस असेल तर आत पंक्चर बुजवणारा द्रव ताजा भरा. आणि गाडी आली तर कडेला उतरण्याऐवजी डांबरावरच थांबून हात दाखवा. आमच्याकडचे लोक थांबतात.

---

द्राक्षमळा | ५ डिसेंबर, रात्री ८:१५

सायकलवाले येतात ते आम्हाला बरं वाटतं, हे आधी सांगतो. पण एक गोष्ट शहरातल्या माणसाला माहीत नसते.

ऑक्टोबरात गोडी छाटणी (फळासाठीची छाटणी) झाली की डिसेंबरात बागेत घड वाढीला लागलेले असतात. थंडीत दव पडलं, ढगाळ झालं की भुरी आणि डावणी या रोगांची भीती, मग पहाटेपासून फवारणी. ट्रॅक्टरमागचा ब्लोअर चालू असतो, तेव्हा औषधाचा बारीक फवारा रस्त्यापर्यंत येतो. लांबून तो धुक्यासारखा दिसतो. मागच्या वर्षी तिघं सायकलवर मोबाईलने फोटो काढत त्या 'धुक्यात' शिरले, आणि मी ट्रॅक्टर बंद करून ओरडत धावलो. ओळख अशी: धुकं सगळीकडे सारखं आणि जमिनीलगत असतं, फवारा एकाच ओळीवर उठतो आणि आवाजाबरोबर पुढे सरकतो. नाकाला गंधकाचा किंवा औषधाचा वास येतो. दिसला की पन्नास-शंभर मीटर अलीकडे थांबा, हात करा. चालवणाऱ्याने बघितलं तर तो ओळीच्या टोकाला बंद करतो. मुलीला बरोबर आणताय म्हणून मुद्दाम लिहिलं. सायकल चालवताना माणूस खोल श्वास घेतो.

दुसरं, बागेच्या बांधावर बसू नका असं मी म्हणणार नाही, बसा. फक्त मळ्यावर कोणी असेल तर विचारा. विचारलं तर पाणी मिळेल, घड मिळतील तेव्हा घडही मिळतील. न विचारता आत दिसलात तर माणूस दचकतो, कारण माल तयार होण्याच्या दिवसांत चोऱ्या होतात.

---

कडेकडेने | ५ डिसेंबर, रात्री ८:५०

दादा, हे मला कुठल्याच सायकलच्या पुस्तकात मिळालं नसतं. धन्यवाद.

---

लांब_पल्ला | ६ डिसेंबर, सकाळी ७:३०

सगळे मुख्य गोष्ट विसरताय. या भागातला सगळ्यात शांत रस्ता म्हणजे पाटाच्या कडेचा. एका हाताला पाणी, दुसऱ्या हाताला बाभळी, कित्येक किलोमीटर एकही गाडी नाही. मी डाव्या पाटाच्या कडेने येवल्याच्या दिशेने बराच गेलोय. एवढं सुख मला दुसऱ्या कुठल्या रस्त्यावर मिळालेलं नाही.

---

थडीकर | ६ डिसेंबर, सकाळी ९:००

सुख आहे, मान्य. पण तेरा वर्षांच्या मुलीला पहिल्याच खेपेला तिथे नेणं मला पटत नाही, आणि का ते लिहितो.

तो रस्ता आपल्यासाठी केलेला नाही. पाटाची देखभाल करायला जलसंपदा विभागाची गाडी जावी म्हणून तो आहे. कुठे डांबर, कुठे मुरूम, कुठे नुसती काळी माती. कडेला कठडा नाही. पाटाला आवर्तन, म्हणजे शेतीसाठी पाळीचं पाणी, सुटलेलं असलं तर पाणी काठोकाठ आणि ओढीचं असतं. वरून संथ दिसतं, पण काठाचं अस्तर शेवाळाने गुळगुळीत झालेलं असतं आणि पडलेला माणूस स्वतःहून वर येऊ शकत नाही. आमच्या गावात लहान मुलांना पोहायला येत असलं तरी आवर्तनात पाटाजवळ जाऊ देत नाहीत.

माझा स्वतःचा अनुभव. नोव्हेंबरात अवकाळी पाऊस येऊन गेला होता, दुसऱ्या दिवशी लख्ख ऊन. वाटलं, रस्ता वाळला असेल. पाटाकडेने दोनशे मीटर गेलो असेन. काळी माती आधी टायरला लागली, मग टायरवर टायरएवढा थर बसला, मग तो ब्रेकच्या फटीत घट्ट बसला आणि चाक फिरायचं थांबलं. सायकल उचलावी तर तिचं वजन दुप्पट. बाभळीची काडी घेऊन माती खरवडायची, वीस पावलं जायचं, पुन्हा खरवडायची. दोनशे मीटर परत यायला पाऊण तास लागला. एका बाजूला भरलेला पाट, दुसऱ्या बाजूला चिखलाचा उतार. सायकल टेकवायलासुद्धा जागा नव्हती.

ज्याला जायचं असेल त्याने पाट कोरडा असताना जावं, आठ दिवसांत पाऊस झालेला नसावा, आणि सोबत एक तरी मोठा माणूस असावा. पाटकरी (पाटाच्या पाण्यावर देखरेख ठेवणारा माणूस) भेटला तर थांबून विचारावं. तो 'नको' म्हणाला तर मागे फिरावं.

---

लांब_पल्ला | ६ डिसेंबर, सकाळी ९:४०

मोठ्या माणसांबद्दल मी माझ्या मतावर ठाम आहे. मुलीबद्दल तुमचं बरोबर. आवर्तनाचा विचार मी केला नव्हता, मी गेलो तेव्हा पाट कोरडा होता.

---

पहाटफेरी | ६ डिसेंबर, दुपारी १२:२०

बिबट्याबद्दल कोणीच लिहिलं नाही म्हणून मी लिहिते. मी या भागात नोकरीनिमित्त सहा वर्षं राहिले आणि बहुतेक वेळा एकटीच सायकल चालवली.

बिबट्या आहे. घाबरवण्यासाठी सांगत नाही आणि झटकूनही टाकत नाही. ऊस हे त्याचं घर झालंय. तिथे सावली आहे, ओलावा आहे, आणि वस्तीवरची कुत्री नि शेळ्या जवळ आहेत. तोड सुरू झाली की ते घर रोज थोडं थोडं कमी होतं आणि जनावर एका फडातून दुसऱ्या फडात हलतं. म्हणजे नेमके आपले सायकलचे महिने. माझे नियम होते, त्यातला एकही मी मोडला नाही:

उजाडल्याशिवाय निघायचं नाही. डिसेंबरअखेर सूर्य सातच्या सुमारास उगवतो, तेव्हा सव्वासातच्या आधी चाक फिरवायचं नाही. संध्याकाळी पाचला सायकल गाडीवर. उभ्या उसाच्या कडेला बसायचं नाही, वाकून पंक्चर काढायचं नाही. सायकल ढकलत मोकळ्या शेतापर्यंत किंवा वस्तीपर्यंत न्यायची आणि मग खाली बसायचं. बसलेला माणूस त्याला लहान दिसतो. लहान मूल कधीही मागे नाही, कायम दोघांच्या मधे किंवा निदान पुढे, डोळ्यांसमोर. आणि कानात गाणी नकोत. अचानक कुत्री भुंकायला लागली, टिटवी किंवा साळुंक्या एकाच जागी कलकलाट करायला लागल्या, तर तिकडे काहीतरी आहे. ते ऐकू यायला हवं.

सहा वर्षांत मला तो एकदाच दिसला, सकाळी पावणेआठला, साधारण दीडशे मीटरवर. रस्ता ओलांडून गेला, माझ्याकडे पाहिलंही नाही. मी पाय टेकून उभी राहिले, घंटी वाजवत राहिले, दहा मिनिटांनी मागे वळले. पुढे गावात जाऊन पोलीस पाटलांना सांगितलं. हे सांगायचंच असतं. आपण निघून जातो, पण त्या वस्तीवरची मुलं त्याच रस्त्याने शाळेत जाणार असतात.

थंडीचंही लिहिते. निफाडचा गारठा नाशिकपेक्षा वेगळा आहे. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्राचे आकडे पेपरात येतात ते खोटे नसतात, पारा पाच-सहा अंशांवर येतो. नदीकाठी सायकलवर वारा लागून बोटं इतकी बधिर होतात की ब्रेक दाबल्याचं कळत नाही. मुलीला पूर्ण बोटांचे हातमोजे द्या. एक रुमाल नाकावर. नऊनंतर सगळं काढावं लागतं, त्यासाठी पिशवीत जागा ठेवा.

---

सराटा | ६ डिसेंबर, दुपारी १२:४५

ताई, बसून पंक्चर न काढण्याचा मुद्दा मी पहिल्यांदाच ऐकला. आजपासून पाळणार.

---

भीमाकाठ | ६ डिसेंबर, संध्याकाळी ६:१०

मी पुण्याचा. उजनीच्या फुगवट्यावर भिगवणच्या बाजूला मी जातो, तिथे रोहित बरेच असतात. सायकलसाठी तुमच्या भागाशी तुलना केली तर कसं?

---

पाणपक्षी | ६ डिसेंबर, रात्री ९:३०

दोन्हीकडे सायकल चालवली आहे. उजनीचा फुगवटा प्रचंड आहे, काठ पसरट आणि उघडा. सकाळी दहानंतर सावली शोधावी लागते, आणि रोहित जवळून बघायला बहुतेक जण होडीतच बसतात. तिथे पक्ष्यापर्यंत सायकलने पोहोचणं हा प्रवास नव्हे, नुसती पोच आहे. नांदूर मध्यमेश्वर आटोपशीर आहे. गावं एकमेकांना लागून आहेत, चढ नाही, झाडं आहेत, आणि निम्मे पक्षी तुम्हाला पाण्यावर पोहोचण्याआधी रस्त्यावरच भेटतात. तारेवर वेडा राघू आणि नीलपंख, नांगरलेल्या रानात गायबगळे, बाभळीवर सुगरणीची रिकामी घरटी, वर पंख फडफडवत एका जागी लटकलेली कापशी घार. दुर्बीण गळ्यात असेल तर बारा किलोमीटरला दोन तास लागतात, आणि लागू द्यावेत.

एक विनंती मात्र सगळ्यांना. मार्चपासून पुढे येणार असाल तर डांबर सोडून काठाच्या खडीत, मोकळ्या माळात सायकल घालू नका. टिटवी तिथेच उघड्यावर अंडी घालते. रंग खड्यांसारखाच असतो, चाकाखाली गेल्यावरच कळतं. नदी सुरयही उन्हाळ्यात बेटांवर आणि वाळूवर अंडी घालतो. टिटवी डोक्यावर घिरट्या घालून ओरडत असेल तर ती तुम्हाला मागे फिरायला सांगतेय, असं समजा आणि फिरा.

अभयारण्यात शिरताना वन विभागाचं शुल्क भरून पावती घ्या. सायकल कुठे ठेवायची ते तिथेच विचारा. गावातली मुलं वाटाडे म्हणून काम करतात, एकाला बरोबर घ्या. मी वीस वर्षं पक्षी बघतोय, तरी घेतो. कुठल्या कोपऱ्यात आज पाणी उतरलंय हे फक्त त्यांना माहीत असतं.

---

कडेकडेने | २१ डिसेंबर, रात्री ८:००

जाऊन आलो. तुमच्यामुळे जाऊ शकलो, म्हणून सविस्तर लिहितो.

मी मित्राची हायब्रिड मागून घेतली. निफाडला सायकली उतरवल्या, सात वीसला निघालो. गारठा ताई म्हणाल्या तसाच. पहिले तीन किलोमीटर मुलगी एक शब्द बोलली नाही, मला वाटलं कंटाळली. मग मागून एक दुधाची मोटरसायकल आली, बारीक हॉर्न वाजला, आणि तिने हँडल न आवळता सरळ रेषेत सायकल ठेवून डावा हात वर केला. तो माणूस हसून पुढे गेला. मी मागेच होतो, मला सगळं दिसलं.

फवारा दिसला. रस्त्यापासून दुसऱ्या ओळीत ब्लोअर चालू होता. द्राक्षमळा दादांनी लिहिलं तसं आधी धुकंच वाटलं, पण मुलगीच म्हणाली, "बाबा, हे पुढे सरकतंय." थांबलो, हात केला. चालवणाऱ्याने टोकाला जाऊन बंद केला आणि मानेने 'जा' म्हणाला.

खानगाव थडीला पोहोचायला पावणेदोन तास लागले, कारण प्रत्येक तारेखाली थांबणं आलं. पावती घेतली, गावातला एक मुलगा बरोबर घेतला. त्याच्याकडे दुर्बीण होती.

पाण्याच्या जवळ जाताना तिने मला दोनदा हाताने थांबवलं. बदकांच्या माना वर होत्या. आम्ही उभे राहिलो. माना खाली गेल्या. मग दहा पावलं. असं करत आम्ही जिथवर गेलो तिथून जांभळी पाणकोंबडी पंधरा-वीस मीटरवर होती. ती एका पायाने लव्हाळ्याचा देठ उपटायची, त्याच पायाच्या लांब बोटांत तो मुठीसारखा धरायची आणि चोचीने साल सोलून आतला पांढरा गर खायची. मुलीने ते पाच मिनिटं पाहिलं. तिचं वाक्य होतं, "ती हातात धरून खातेय."

तेवढ्यात सगळं पाणीच उठलं. वारकरी पाण्यावर धावत सुटले, बदकांचे थवेच्या थवे वर गेले, पंखांचा आवाज छातीत जाणवला. मुलीचा चेहरा पडला. तिला वाटलं, आपण हललो. वाटाड्या मुलाने बोट दाखवलं. लव्हाळ्यावरून एक मार्श हॅरियर (पाणथळीवरचा शिकारी पक्षी) पंख वर उचलून धरून, खालून खालून तरंगत येत होता. तो गेला आणि दहा मिनिटांत सगळे परत खाली बसले, आमच्यापासून आधी होते तेवढ्याच अंतरावर. हे तिने वहीत लिहिलंय आणि खाली दोन रेघा मारल्यात.

येताना पंक्चर झालंच. समोरून उसाचा ट्रॅक्टर आला आणि मी सवयीने कडेला उतरलो. ती डांबरावरच थांबली होती. दोन्ही बाजूंना ऊस होता, म्हणून चारशे मीटर ढकलत कांद्याच्या रानापर्यंत गेलो. टायरच्या आतून बोट फिरवलं, सहा सराटे निघाले. ते काढायचं काम तिने केलं, माझी बोटं जाड पडत होती.

एकूण सव्वीस किलोमीटर, साडेपाच तास. बत्तीस जातींचे पक्षी, त्यातले अकरा रस्त्यावरच.

---

पाणपक्षी | २१ डिसेंबर, रात्री ९:१५

बत्तीस म्हणजे पहिल्या खेपेला फारच चांगलं. तिला सांगा, हॅरियर नर होता की मादी तेही लिहून ठेव. डोकं फिकट पिवळसर आणि अंग गडद तपकिरी असेल तर मादी किंवा पिल्लू, पंखांत राखाडी रंग असेल तर नर.

---

कडेकडेने | २१ डिसेंबर, रात्री ९:४०

विचारलं. "डोकं साईसारखं होतं," म्हणाली. आणि विचारतेय, चापडगावची बाजू जानेवारीत करायची का?

---

थडीकर | २१ डिसेंबर, रात्री १०:०५

करायची. मीही येतो, बरोबर माझा पुतण्या, तोही तेराचाच आहे. दुसऱ्या रविवारी सव्वासातला सायखेड्याच्या पुलाशी थांबतो. पुलावर गाड्या असतात, तेवढा पूल सायकल हातात धरून ओलांडू. मोकळा रस्ता लागला की सायकलवर बसू.